प्री-डायबेटिसचं पथ्य आणि न हटणारा थकवा: सांगलीकडून वारंवार येणारे प्रश्न

मी सांगलीत आहारसल्ला देते. जत-आटपाडीपासून इस्लामपूर-शिराळ्यापर्यंतची माणसं येतात, फोन करतात, रिपोर्टचे फोटो पाठवतात. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य सतत येतं: "शुगर जरा आटोक्यात आली, पण अंगात त्राणच राहिलं नाही." पथ्य म्हटलं की थकवा येणारच, असं समजून अनेक जण, विशेषतः बायका, महिनोन्‌महिने तो सोसत राहतात. तो सोसायचा नसतो, त्याचं कारण शोधायचं असतं. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. औषधाचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

१. एचबीएवनसी ५.९ आलंय. म्हणजे मला शुगर झाली का?

नाही. एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी. ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबेटिस, मधुमेहाच्या आधीचा टप्पा; ६.५ पासून पुढे मधुमेह. उपाशीपोटीची शुगर १०० ते १२५, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९ आली, तरी तेच नाव. एकाच रिपोर्टवर शिक्का मारून घेऊ नका, तपासणी पुन्हा करून खात्री करा.

यात तुम्ही एकटे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १३ कोटी ६० लाख लोक या टप्प्यावर आहेत. इथून मागे फिरता येतं. चेन्नईच्या संशोधकांनी आपल्याच लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी कमी होतं.

२. माझा थकवा प्री-डायबेटिसमुळेच आहे ना?

बहुतेक वेळा नाही. प्री-डायबेटिस सहसा काही जाणवू देत नाही, म्हणून तर तो रक्त तपासल्यावरच कळतो. खूप तहान, वारंवार लघवी आणि त्यासोबतचा गळाठा हे सगळं शुगर साधारण १८० च्या वर राहू लागली की येतं, कारण तेव्हा ती लघवीतून जायला लागते. ५.९ वाल्याची शुगर एवढी क्वचितच चढते. त्यामुळे थकव्याचं खापर "शुगर"वर फोडून मोकळं होऊ नका. खरं कारण तसंच मागे राहून जातं.

३. मग थकव्यासाठी कुठल्या तपासण्या करू?

डॉक्टरांना विचारून सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, टीएसएच (थायरॉइड), ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (किडनी) आणि यकृताची तपासणी करा. सगळं एकदम परवडत नसेल, तर पहिल्या चारांपासून सुरुवात करा.

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय. पण हिमोग्लोबिन १२.२ आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. शरीरातला लोहाचा साठा फेरिटिनवरून कळतो. हिमोग्लोबिन काठावर आणि फेरिटिन तळाला, असे रिपोर्ट घेऊन बायका माझ्याकडे नेहमी येतात. पाळीत खूप रक्त जात असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका. पुरुषाला रक्तक्षय निघाला, तर रक्त कुठून जातंय हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या घेऊन थांबू नका.

तिशीपुढच्या सगळ्यांची शुगर आणि बीपी तपासणं सरकारी कार्यक्रमातच आहे. गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा.

४. पथ्य सुरू केल्यापासूनच जास्त गळून गेल्यासारखं होतंय. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून याला वेळ देते.

तासगावकडच्या एक ताई आल्या होत्या. दुपारची वेळ होती. मी म्हटलं, डबा आणलाय तर इथेच उघडा, बघू. डब्यात अर्धी भाकरी, दुधीची पांचट भाजी आणि चार काकडीचे काप. डब्याचा दुसरा कप्पा रिकामा. सकाळी काय खाल्लं? बिनसाखरेचा चहा. रात्री काय खाणार? सूप. या ताई पहाटे पाचला उठून दोन म्हशींची धार काढतात, मग घरचं सगळं, मग रान. दिवसाचं सगळं मिळून हजार कॅलरीही भरत नव्हत्या. दोन महिन्यांत वजन सहा किलो उतरलं म्हणून घरचे खूश होते, आणि ताईंना जिना चढताना कठड्याला धरावं लागत होतं.

त्यांच्या ताटातून भाकरी गेली, भात गेला, साखर गेली. त्या जागी काहीच आलं नाही. चूक इथे आहे. पथ्य म्हणजे ताटातली वाटणी बदलणं. ताट रिकामं करणं हे पथ्य नव्हे. अर्ध्या ताटात भाज्या आणि कोशिंबीर, पाव ताटात उसळ, घट्ट डाळ, अंडी, मासे किंवा चिकन, आणि उरलेल्या पाव ताटात भाकरी, चपाती किंवा भात. सोबत वाटीभर दही किंवा ताक. ताईंना आम्ही एक अख्खी भाकरी परत दिली, रिकाम्या कप्प्यात मटकीची उसळ घातली आणि सकाळी दोन उकडलेली अंडी सुरू केली. फेरिटिनही कमी निघालं, त्याचं औषध डॉक्टरांनी दिलं.

आणखी एक कारण. भाकरी-भात एकदम कमी केला की पहिल्या एक-दोन आठवड्यांत शरीरातून पाणी आणि मीठ जास्त जातं. डोकं दुखतं, पाय ओढल्यासारखे होतात. पाणी, ताक, पातळ आमटी वाढवा. बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ मनाने वाढवू नका.

वजन कमी करायचंच असेल तर सत्तर किलोच्या माणसाने सहा महिन्यांत पाच किलो, एवढं ध्येय पुरेसं आहे.

५. "एक भाकरी" म्हणजे किती? आणि ज्वारी, बाजरी की खपली?

माझ्या टेबलावर छोटा वजनकाटा असतो. मी परातीत पीठ देते आणि सांगते, घरी एका भाकरीला घेता तेवढं घ्या. कुणी ३५ ग्रॅम घेतं, कुणी ९०. दोघी सांगताना "एकच भाकरी खाते" असंच सांगतात! पण पहिलीच्या भाकरीत सुमारे २५ ग्रॅम कर्बोदकं, दुसरीच्या साठच्या पुढे. तेव्हा एकदा घरी पीठ मोजा. एकदाच मोजलं तरी पुरे, मग हाताला अंदाज येतो.

बसून काम करणाऱ्या बाईला एका जेवणाला ४० ते ५० ग्रॅम पिठाची भाकरी साधारण पुरते. रानात राबणाऱ्या माणसाला जास्त लागते (प्रश्न १३ पाहा). शाळू (रब्बीची ज्वारी), बाजरी, खपली गहू यांत तंतू चांगले आहेत, म्हणून मैद्यापेक्षा आणि पांढऱ्या भातापेक्षा बऱ्याच बऱ्या. पण खपली आहे म्हणून चार चपात्या चालतील, असं होत नाही. पीठ चाळून कोंडा टाकू नका.

६. आम्ही माळकरी आहोत. अंडी-मटण नाही, मग प्रोटीन कुठून आणू?

माळ घालूनही उत्तम भागतं, फक्त रोज मोजून खावं लागतं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रोटीन लागतं. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा कडधान्यात ७ ग्रॅम मिळतं, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत तेवढंच, ग्लासभर दुधातही साधारण तेवढंच. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ३० ग्रॅम सोयाबीन वडीत १५.

आपल्या भागात हे वेगळं शिकवायची गरज नाही. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, ढाब्यावर मिळतो तो अख्खा मसूर, सगळं आपलंच आहे. अडचण एवढीच की आमटी पातळ असते आणि वाटीच्या तळाशी डाळीचे चार दाणे. आमटी घट्ट करा, वाटी मोठी घ्या. मसूर तेलात पोहत नसावा, हे मात्र बघा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. शाकाहारात बी-१२ फक्त दुधा-दह्यातून मिळतं आणि ते अनेकांना पुरत नाही, म्हणून तपासणी कराच. आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

७. साखर सोडली. गूळ, काकवी चालेल ना? गुळात लोह असतं म्हणतात.

आपला जिल्हा उसाचा. गुळाविषयी कडू बोलायचं माझ्याही जिवावर येतं. पण गूळ आणि काकवी म्हणजे मुख्यतः साखरच, आणि रक्तातली शुगर त्यांनीही चढते. गुळात लोह थोडं असतं, पण ते पुरेसं मिळावं एवढा गूळ खाल्ला तर शुगर हाताबाहेर जाईल. लोहासाठी हिरव्या पालेभाज्या, हुलगे, मटकी, अळीव, तीळ खा आणि वर लिंबू पिळा. फेरिटिन तळाला असेल तर नुसत्या आहाराने भरून निघत नाही, गोळ्या लागतात.

८. चहा सोडता येत नाही. चहाशिवाय तरतरीच येत नाही.

सोडू नका, बदला. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर ४० ते ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा असं सांगते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जिभेला फारसं कळतही नाही.

थकव्याशी चहाचा आणखी एक संबंध आहे. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेवा. लोहाची गोळी तर चहाबरोबर कधीच नको. आणि संध्याकाळी सहानंतरचा कप रात्रीची झोप खातो.

९. दुपारी जेवलं की डोळे उघडे ठेवता येत नाहीत. शुगर वाढते का?

दुपारी थोडी सुस्ती सगळ्यांनाच येते. पण भात-आमटी, वर दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी असं जेवण असेल, तर शुगर भरकन चढून उतरते आणि सुस्ती वाढते. आधी कोशिंबीर आणि उसळ खा, भाकरी-भात शेवटी. जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, घराच्या अंगणात चाललात तरी चालेल. एवढ्या चालण्यानेही जेवणानंतरची शुगर कमी चढते.

मधल्या भुकेला भडंग खात असाल तर त्याचाही हिशोब धरा. चुरमुरे पोटाला हलके वाटतात, पण शुगर झपाट्याने वाढवतात. वाटीभर भडंगात मूठभर जादा शेंगदाणे घाला आणि तिथेच थांबा.

१०. बाग आमची, आणि द्राक्षं आम्हीच खायची नाहीत?

खा. जेवणात भात-भाकरी थोडी कमी करून बारा-पंधरा मणी खाल्ले तर साखर साधारण १२ ग्रॅम होते, एवढं चालतं. बागेत तोडणी चालू असताना येता-जाता घड तोंडात टाकणं मात्र नको. बेदाण्याचं गणित वेगळं. पाणी उडून गेल्यामुळे मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम बेदाण्यात २० ग्रॅमच्या आसपास साखर येते. "अशक्तपणा आहे, बेदाणे भिजवून खा" हा सल्ला घरोघरी दिला जातो. पाच-सहा दाण्यांपुढे तो पाळू नका. रस कुठलाच नको, उसाचा तर नाहीच.

११. एकादशी, सोमवार, श्रावण. उपवास करू का?

औषध चालू नसेल आणि रक्तक्षय नसेल तर करा, पण खिचडीचा उपवास करू नका. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. दुपारी खिचडी आणि संध्याकाळी मळमळ, डोकेदुखी, गळाठा हे चक्र बऱ्याच जणींनी अनुभवलं असेल. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, थोडी भगर, दही, ताक, काकडी घ्या. निर्जळी उपवास मी कुणालाच सुचवत नाही. आठवड्याला दोन-तीन उपवास आणि सोबत थकवा असेल, तर रिपोर्ट सुधारेपर्यंत उपवास एकावर आणा. देव रागावणार नाही, हे मी मनापासून सांगते.

१२. मध्येच हात थरथरतात, घाम फुटतो. शुगर लो होते का?

औषध न घेणाऱ्याची शुगर ७० च्या खाली जाणं कमी वेळा घडतं. शरीराला वरच्या आकड्यांची सवय झालेली असते, म्हणून ८५-९० ला आली तरी तसं वाटू शकतं. खूप गोड खाल्ल्यावर दोन-तीन तासांनीही होतं. अंदाज बांधू नका, त्याच वेळी ग्लुकोमीटरवर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना कळवा. आकडा ठीक असेल तर मूठभर शेंगदाणे किंवा ताक पुरे. असं वारंवार होत असेल तर प्रश्न ४ वाचा, बहुधा दोन खाण्यांत फार अंतर पडत असेल.

१३. दिवसभर भांगलण करते. वर आणि चालायला जायचं?

नाही ताई. ज्या दिवशी रानात चार-पाच तास अंग मोडून काम झालं, त्या दिवशी वेगळ्या चालण्याची सक्ती नाही. आठवड्याला १५० मिनिटं चाला हा सल्ला बसून काम करणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे दुकानदार, शिक्षक, बँकवाले, आणि बाग मजुरांकडून करून घेणारे मालकसुद्धा. तुमच्यासाठी उलट सांगते: खाणं वाढवा. शहरातल्या कुणाच्या डाएटचा कागद बघून अर्ध्या भाकरीवर रानात जाऊ नका. सकाळी भाकरी आणि पिठलं किंवा उसळ खाऊनच बाहेर पडा. उन्हाळ्यात सोबत पाणी आणि ताक असू द्या. दुपारनंतरचं डोकं जड होणं पुष्कळदा निव्वळ पाणी कमी पडल्याचं असतं.

१४. कारखान्याचा सीझन सुरू झाला की रात्रपाळी. मग पथ्य कसं सांभाळू?

पाळीला जाण्याआधी पूर्ण जेवण घ्या. मध्यरात्री वडापाव-चहाऐवजी डब्यातली उसळ, अंडी किंवा भाजलेले हरभरे खा. सकाळी घरी येऊन हलकं खा आणि खोली अंधारी करून सलग झोपा. झोप सहा तासांच्या खाली राहिली की इन्सुलिनचं काम बिघडतं, भूकही वाढते. त्यामुळे इथे झोप पथ्याइतकीच महत्त्वाची आहे.

१५. माझं हिमोग्लोबिन ९ आहे आणि एचबीएवनसी ६.१. दोन्हीचा काही संबंध?

आहे, आणि तो बऱ्याचदा नजरेतून सुटतो. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खोटं वाढलेलं दिसू शकतं. उलट, नुकतंच बरंच रक्त गेलं असेल, रक्त चढवलं असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल, तर ते खोटं कमी दिसतं. गरोदरपणातही त्यावर विसंबता येत नाही. अशा वेळी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची शुगर बघावी. आधी रक्तक्षयावर उपचार घ्या आणि हिमोग्लोबिन सुधारून तीन महिने झाले की एचबीएवनसी पुन्हा करा. तोपर्यंत ६.१ च्या धास्तीने जेवण तोडू नका, त्याने रक्तक्षय आणखी वाढेल.

१६. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) दिलंय. त्यानेच थकवा येतो का?

थेट नाही, पण दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्याने थकवा, हातापायाला मुंग्या येतात. वर्षातून एकदा बी-१२ तपासा. सुरुवातीला पोट बिघडून जेवण कमी जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका. तिच्याऐवजी कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांची पूड, हा बदल तर नकोच.

१७. मी तर काटकुळा आहे. मला प्री-डायबेटिस कसा?

आपल्याकडे हे होतं. हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी ठेवण असते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली की जोखीम वाढते, मग वजन कितीही असो. तुम्ही वजन कमी करण्याच्या मागे लागू नका. प्रोटीन वाढवा, आठवड्यातून दोनदा जोर-बैठकांसारखा ताकदीचा व्यायाम करा. मात्र प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर ही वेगळी गोष्ट आहे, प्रश्न २० पाहा.

१८. बाळंतपणात शुगर होती, आता बाळ चार महिन्यांचं आहे. सतत दमलेली असते.

बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन तपासणी व्हायला हवी होती. राहिली असेल तर आता करा, आणि पुढेही एक ते तीन वर्षांनी करत राहा. थकव्यासाठी हिमोग्लोबिन आणि टीएसएच बघा, बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतं. अंगावर पाजत असताना जेवण कमी करू नका. डिंकाचा लाडू रोज तीन नको, लहान एक पुरे. अळीव दुधातून घ्या. सासूबाईंना माझं नाव सांगा. आणि रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही "दमलेय" या शब्दाखाली दडवू नका.

१९. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. जेवणही बरोबर आहे. तरी थकवा जात नाही.

मग मी दोन गोष्टी विचारते. पहिली घरच्यांना: झोपेत घोरतात का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का? तसं असेल तर आठ तास झोपूनही माणूस दमलेलाच उठतो, आणि त्याने शुगरही वाढते. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, झोपेची तपासणी होते.

दुसरी गोष्ट त्या माणसालाच, बाकीचे बाहेर गेल्यावर: मन कसं आहे? कर्ज, घरातलं दुखणं, गेलेलं माणूस. आपल्याकडे उदासी "अंगात कणकण आहे", "हातपाय गळाल्यासारखे होतात" अशाच शब्दांत सांगितली जाते. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत, विनामूल्य बोलता येतं.

२०. कुठल्या थकव्यात अजिबात वाट बघायची नाही?

थकव्यासोबत छातीत दडपण, दम लागणं किंवा शरीराच्या एका बाजूला अशक्तपणा आला, तर त्याच घटकेला १०८ ला फोन करून रुग्णालयात जा. भयंकर तहान, रात्रीत चार-पाचदा लघवी आणि वजन उतरणं असेल, तर त्याच दिवशी शुगर तपासा. प्री-डायबेटिस मागे पडून मधुमेह सुरू झालेला असू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. शौचाला काळं होत असेल, किंवा पाळीत तासाला पॅड बदलावं लागत असेल, तर आहारसल्ल्यासाठी माझ्याकडे येऊ नका. आधी डॉक्टरांकडे जा. ताटाचं आपण नंतर बघू.